तापमान मोजून ग्रहाची जमीन ओळखता येते, यावर किती विसंबावे?

लोणारकाठ

चंद्राच्या किंवा मंगळाच्या जमिनीला हात न लावता, केवळ दुरून तिचे तापमान मोजून ती धुळीची आहे, वाळूची आहे की अखंड खडकाची आहे, हे शास्त्रज्ञ सांगतात. या सांगण्यावर कितपत विसंबावे, असा माझा प्रश्न आहे आणि तो मला शाळेतल्या मुलांमुळे पडला आहे.

मी लोणार तालुक्यातील एका गावात विज्ञान शिकवतो. करोनाच्या काळात शाळेत आलेली थर्मल गन कपाटात पडून होती, पण ती फक्त माणसाच्या कपाळापुरती असल्यामुळे मी बाजारातून कारखान्यांत वापरतात तशी एक गन आणली आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुलांना पांदणीत नेले. दुपारी दोनच्या सुमारास पांदणीतील फुफाटा साठ अंशांच्या वर गेला होता आणि धुऱ्यावरचा मोठा काळा दगड पन्नासच्या आसपास होता. दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी मी एकटाच जाऊन तीच मापे घेतली, तेव्हा फुफाटा तेवीस अंशांवर उतरला होता आणि दगड मात्र एकतीसवर टिकून होता. म्हणजे दिवसा जो अधिक तापला तोच रात्री अधिक निवला. नासाच्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानावरील टेस हे उपकरण मंगळाची मापे तेथील दुपारी दोन आणि पहाटे दोन या वेळांना घेत असे, असे वाचले तेव्हा आपली पद्धत फार वेगळी नाही याचे मुलांना समाधान वाटले.

परंतु एका मुलीने विचारले, "सर, तापमानातला फरक पाहून दगड आणि धूळ ओळखता आली, पण तो दगड कोणता आहे हे कसे ओळखणार?" मला नेमके उत्तर देता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

भूशास्त्र_वणी

सर, आपल्या विद्यार्थिनीने बरोबर मर्मावर बोट ठेवले आहे, कारण येथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची नेहमी सरमिसळ होते. जमीन कोणत्या अवस्थेत आहे, म्हणजे भुसभुशीत, कणीदार, घट्ट की अखंड, हा पहिला प्रश्न. ती कोणत्या खनिजांची आहे, हा दुसरा. आपण मोजलेल्या दिवस-रात्रीच्या फरकातून प्रामुख्याने पहिल्याचे उत्तर मिळते.

त्यामागची राशी म्हणजे थर्मल इनर्शिया, अर्थात औष्णिक जडत्व. उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्णता या तिघांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घेतले की ती मिळते. आता गंमत पाहा. निरनिराळ्या खडकांच्या विशिष्ट उष्णतेत फारसा फरक नसतो. घनतेतला फरकही दुप्पट-तिप्पटीच्या पलीकडे जात नाही. उष्णतावाहकता मात्र अखंड बेसाल्ट (आपल्याकडचा काळा दगड) आणि निर्वातातील बारीक धूळ यांच्यात शेकडो पटींनी बदलते. त्यामुळे जडत्वाचा आकडा बहुतांशी वाहकताच ठरवते आणि वाहकता ठरते ती कण एकमेकांना किती चिकटून आहेत यावर. फुफाट्यात दिवसाची उष्णता वरच्या थरातच अडकते, म्हणून तो दुपारी भाजतो, आणि खाली काही साठवलेलेच नसल्यामुळे रात्री झपाट्याने निवतो. दगड तीच उष्णता आत खोलवर नेतो आणि रात्रभर परत देत राहतो.

प्रचलित एककांत चंद्राच्या मातीचा आकडा पन्नासच्या आसपास येतो. मंगळावरील धुळीचा शंभराच्या आत, तेथील वाळूचा दोनशेच्या आसपास आणि उघड्या खडकाचा हजार-बाराशेच्या पुढे येतो. आकड्यांमधली ही दरी इतकी रुंद आहे की मापात दहा-वीस टक्क्यांची चूक झाली तरी धूळ आणि खडक यांची अदलाबदल होत नाही. आपण पहाटेचे माप घेतले हे विशेष चांगले केले, कारण दुपारचे तापमान जमिनीच्या रंगावर आणि उतारावरही अवलंबून असते, तर सूर्योदयाच्या आधी जडत्वाचा प्रभाव सर्वांत स्वच्छ दिसतो.

धुऱ्यावरचा_दगड

पहाटे अंधारात, हातात बंदुकीसारखे यंत्र घेऊन पांदणीत एकट्याने फिरणाऱ्या मास्तरांना पाहून गावकऱ्यांना गुड मॉर्निंग पथक पुन्हा सुरू झाले असे वाटले नाही का?

लोणारकाठ

एक गृहस्थ टमरेल तेथेच टाकून तुराट्यांच्या ढिगामागे दिसेनासे झाले. त्यांचे तापमान मी मोजले नाही.

निवृत्त_हवामान

मी हवामान निरीक्षक म्हणून नोकरी केली असल्यामुळे काही गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक समजतो. प्रयोग चांगला आहे, परंतु पृथ्वीवर हा प्रयोग करताना हवा, वारा आणि ओलावा हे तिन्ही मध्ये येतात. वारा दगडाची उष्णता काढून नेतो, दव पडले तर बाष्पाची सुप्त उष्णता हिशेबात शिरते, आणि जमिनीत थोडी जरी ओल असली तरी दुपारचे तापमान बाष्पीभवनामुळे खाली येते. विदर्भातील एप्रिल-मे कोरडा असल्याने हे दोष कमी होतात एवढेच. पावसाळ्यात हाच प्रयोग केला तर आकड्यांचा काहीही अर्थ लागणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ही गन तापमान मोजत नाही. साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रारण मोजून ती त्यावरून तापमानाचा अंदाज करते आणि त्यासाठी पृष्ठभागाची उत्सर्जकता, म्हणजे प्रारण सोडण्याची क्षमता, ०.९५ धरते. माती, दगड आणि कवेलू यांना हा आकडा बऱ्यापैकी लागू पडतो. पण आमच्या शेजाऱ्यांच्या नव्या कोऱ्या चकचकीत टिनावर भर दुपारी गन धरली, तर ती हास्यास्पद थंड आकडा दाखवते, आणि त्याच टिनाला हात लावला तर फोड येतो. टिन स्वतः फारच कमी उत्सर्जन करते आणि वरच्या थंड आकाशाचे प्रतिबिंब दाखवते. मुलांना हे अवश्य दाखवावे, म्हणजे उपकरणाने दाखवलेला आकडा आणि वस्तूचे खरे तापमान यांत अंतर असू शकते हे त्यांना कळेल.

कन्हार_भंडारा

मी शेतकरी आहे, पदार्थविज्ञान मला फारसे येत नाही, परंतु मास्तरांचा धागा वाचून मुलाकडून तशीच गन मागवली. आमच्या भागात भाताच्या जमिनींना कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशी नावे आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा असतो. मी मात्र तुलना एकाच बांधीत केली. अर्ध्या भागात वखर फिरवलेला आहे आणि अर्धा भाग धान कापल्यापासून तसाच पडून कडक झालेला आहे. माती तीच, रंग जवळपास तोच, ऊनही तेच. तरीही दुपारी वखरलेला भाग सात-आठ अंशांनी अधिक तापलेला आढळला आणि पहाटे तोच अधिक गार होता. कडक भागात बसलेल्या भेगांमध्ये गन धरली तर आणखी तिसराच आकडा येतो.

आता मला असे विचारायचे आहे की आकाशातून पाहणाऱ्याला माझ्या एकाच बांधीत दोन प्रकारच्या जमिनी आहेत असे वाटणार नाही का?

भूशास्त्र_वणी

दादा, आपण जे केले ते या विषयावरील सर्वोत्तम प्रात्यक्षिक आहे. रासायनिक घटक अगदी सारखे असूनही अवस्था बदलली की औष्णिक जडत्व बदलते, हे आपल्या बांधीने दाखवून दिले. आकाशातून पाहणारा शहाणा असेल तर तो "येथे दोन जमिनी आहेत" असे म्हणणार नाही. "येथे एक भाग सैल आणि एक भाग घट्ट आहे" एवढेच म्हणेल. मंगळावर अशी घट्ट झालेली, क्षारांनी सांधलेली पापुद्र्यासारखी माती अनेक ठिकाणी आहे आणि तिचा आकडा जाडसर वाळूच्या आकड्यासारखा येऊ शकतो, त्यामुळे आपली शंका रास्त आहे.

येथे एक बारकावा सांगते, कारण त्यामुळे मंगळ हा या अभ्यासासाठी विशेष सोयीचा ठरतो. सुट्या कणांमधून उष्णता तीन वाटांनी जाते. कण जेथे एकमेकांना टेकतात तेथून, कणांमधील पोकळीतून प्रारणाने, आणि पोकळीतील वायूमधून. चंद्रावर वायू नाही, म्हणून पहिल्या दोनच वाटा उरतात आणि तेथील माती ही उष्णतेला जवळपास बंद असते. पृथ्वीवर हवेचा दाब इतका आहे की पोकळी लहान असो वा मोठी, हवेची वाहकता सारखीच राहते. मंगळावर वायुदाब सुमारे ६ मिलिबार, म्हणजे आपल्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे. या दाबाला वायूचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्याआधी जे अंतर कापतो ते बारीक कणांमधील पोकळीच्या मापाजवळ येते. परिणामी कण जितका बारीक, तितकी वायूमधून जाणारी उष्णता कमी. म्हणूनच मंगळावर जडत्वावरून कणांचे आकारमान काढता येते. प्रयोगशाळेत निर्वातकक्षात मंगळाइतका दाब ठेवून, निरनिराळ्या आकारमानाचे काचेचे मणी घेऊन हे संबंध १९९० च्या दशकात तपासले गेले आहेत.

याचा अर्थ असा की मास्तरांच्या पांदणीत फुफाटा आणि जाड वाळू यांच्यातला फरक मंगळाइतका ठळक दिसणार नाही.

शंकासूर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. विषय रंजक आहे यात वाद नाही, परंतु येथे जरा अधिकच आत्मविश्वास दिसतो आहे. बेन्नू या लघुग्रहाचे उदाहरण घ्या. ओसायरिस-रेक्स यान तेथे पोहोचण्यापूर्वी स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या मापांवरून त्याचे औष्णिक जडत्व तीनशेच्या आसपास काढले गेले होते आणि त्यावरून पृष्ठभाग सेंटिमीटरभर आकाराच्या खड्यांचा, बऱ्यापैकी सपाट असेल असे अनुमान केले गेले. यानाची रचना त्या अनुमानावर बेतलेली होती. डिसेंबर २०१८ मध्ये यान तेथे पोहोचले तेव्हा जिकडे पाहावे तिकडे मोठमोठे धोंडे दिसले. नमुना घेण्यासाठी पन्नास मीटर रुंदीच्या मोकळ्या जागेची अपेक्षा होती, प्रत्यक्षात काही मीटरांच्या जागेत उतरावे लागले.

मोजलेला आकडा बरोबर होता आणि त्याचा लावलेला अर्थ चुकला. मग मंगळाबद्दलचे अर्थ बरोबर आहेत हे कशावरून?

अवकाशवेडा_पुसद

शंकासूर काका, बेन्नूचे उदाहरण बरोबर आहे, पण त्याची पुढची गोष्टही सांगायला हवी. धोंडे असूनही जडत्व कमी का, याचे उत्तर असे निघाले की ते धोंडेच सच्छिद्र आहेत आणि त्यांची उष्णतावाहकता आपल्या परिचयाच्या खडकांपेक्षा पुष्कळच कमी आहे. त्याच सुमारास जपानचे हायाबुसा-२ यान र्‍युगू या लघुग्रहापाशी होते. त्याच्या औष्णिक कॅमेऱ्यात धोंडे आणि भोवतालची जमीन यांचे तापमान जवळपास सारखेच आढळले. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या यानाने सोडलेल्या मॅस्कॉट या छोट्या लँडरने एकाच दगडाचे तापमान दिवसा आणि रात्री मोजले आणि त्या दगडाचे जडत्व तीनशेच्या आत भरले. म्हणजे असा हलका, पोकळ खडक असतो हेच आधी कोणाला ठाऊक नव्हते आणि ते या मापांनीच शिकवले.

शंकासूर

हेच तर मी म्हणतो आहे. "असा खडक असतो हे ठाऊक नव्हते" हे वाक्य उद्या मंगळाबाबतही म्हणावे लागू शकते.

भूशास्त्र_वणी

शंकासूरांचा मुद्दा तत्त्वतः मान्य आहे. एका आकड्याला एकच अर्थ नसतो. परंतु मंगळावर दोन गोष्टी अधिकच्या आहेत. एक म्हणजे तेथे प्रत्यक्ष उतरलेल्या यानांनी अनेक ठिकाणी आकाशातून काढलेले अर्थ जमिनीवर पडताळले आहेत. गेल विवरात ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी ही फिरती गाडी उतरली. तिच्या पूर्वेला ग्लेनेल्ग या नावाने ओळखली जाणारी जागा होती, जेथे तीन प्रकारचे भूभाग एकत्र येत होते आणि त्यांपैकी एक रात्री भोवतालपेक्षा उबदार राहत होता. मोहिमेचे मुख्य लक्ष्य असलेला डोंगर दुसऱ्या दिशेला असूनही गाडी आधी तिकडे नेण्यात आली. तेथे सापडला तो भेगाळलेला, घट्ट गाळाचा खडक. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याला छिद्र पाडून घेतलेल्या भुकटीत चिकणमातीची खनिजे मिळाली आणि ती जागा एका प्राचीन सरोवराचा तळ होती हे स्पष्ट झाले. रात्रीचे तापमान हे तेथे जाण्याचे एकमेव कारण नव्हते, पण एक ठोस कारण होते.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्णपट, अर्थात कोणत्या तरंगलांबीला किती प्रारण येते याचा आलेख, आणि मूळ धाग्यातील मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. त्याबद्दल कोणी सविस्तर लिहील का? मला आता मुलांचे डबे करायचे आहेत.

अवकाशवेडा_पुसद

ताई, मी प्रयत्न करतो.

कोणताही पदार्थ ज्या तापमानाला असतो त्यानुसार प्रारण सोडतो, परंतु सर्व तरंगलांबींना सारख्या प्रमाणात सोडत नाही. सिलिकेट खनिजांमधील सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा बंध विशिष्ट वारंवारतेने कंप पावतो आणि त्यामुळे साधारण ८ ते १२ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात उत्सर्जन कमी होते. हा खळगा नेमका कोठे पडतो हे खनिजावर अवलंबून असते. क्वार्ट्झचा (गारगोटीचा) खळगा ९ मायक्रोमीटरच्या अलीकडे-पलीकडे असतो, तर बेसाल्टमधील पायरॉक्सीनसारख्या खनिजांचा तो त्याहून लांब तरंगलांबीकडे सरकतो. म्हणजे थर्मल गन सगळ्या पट्ट्याची मिळून एकच बेरीज देते आणि वर्णपटमापक त्या पट्ट्याचे बारीक तुकडे करून प्रत्येकाचा हिशेब देतो. आपल्या गनने बेसाल्ट आणि वालुकाश्म वेगळे करता येणार नाहीत याचे कारण हेच आहे.

टेस या उपकरणाने या पद्धतीने मंगळाच्या विषुववृत्ताजवळील मेरिडियानी पठारावर करड्या, स्फटिकरूप हेमाटाइटचा मोठा पट्टा शोधला. हे लोहखनिज बहुधा पाण्याच्या सान्निध्यात तयार होत असल्यामुळे जानेवारी २००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी ही गाडी तेथेच उतरवली गेली आणि तिला मातीत विखुरलेल्या हेमाटाइटच्या बारीक गोळ्या सापडल्या. ज्यांना शास्त्रज्ञ ब्लूबेरी म्हणत त्या याच. शंकासूर काकांनी हे यश हिशेबात धरावे.

चंद्राच्या बाबतीत २००९ मध्ये सोडलेल्या लुनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरील डिव्हायनर उपकरणाचे ८ मायक्रोमीटरजवळचे तीन पट्टे याच कामासाठी आहेत. त्यांच्या आधारे ग्रुइटहुइझेन घुमटांसारख्या काही जागा भोवतालच्या बेसाल्टपेक्षा सिलिकाने अधिक समृद्ध असल्याचे २०१० मध्ये दाखवले गेले.

आर्वीची_प्रज्ञा

एक शंका आहे. वर धूळ साचली असेल तर खालच्या खडकाचा वर्णपट मिळेल का? आमच्याकडे उन्हाळ्यात अंगणातील शहाबादी फरशी सुद्धा दिसेनाशी होते.

भूशास्त्र_वणी

प्रज्ञाताई, नाही मिळत. मंगळावरील थार्सिस आणि अरेबिया या विस्तीर्ण प्रदेशांत धुळीचे जाड आच्छादन आहे, तेथे जडत्वही फार कमी येते आणि वर्णपटही धुळीचाच येतो. खालच्या खडकाबद्दल तेथे टेस मुकेच राहिले. धुळीचा थर वर्णपट झाकायला अगदी पातळ, मिलिमीटरच्या अंशाचाही पुरतो, पण जडत्व झाकायला सेंटिमीटरभर किंवा त्याहून जाड असावा लागतो. त्यामुळे कधी कधी वर्णपट धूळ सांगतो आणि पहाटेचे तापमान खडक सांगते, आणि दोन्ही खरे असतात.

निवृत्त_हवामान

चर्चा यानांवरच केंद्रित झाली आहे म्हणून इतिहासाची आठवण करून देतो. यान चंद्रावर जाण्याच्या कितीतरी आधी चंद्राची जमीन धुळीची आहे हे तापमानावरूनच ओळखले गेले होते. १४ जून १९२७ च्या खग्रास चंद्रग्रहणात पेटिट आणि निकल्सन यांनी माउंट विल्सन वेधशाळेतून चंद्राच्या पृष्ठभागाचे तापमान मोजले. पृथ्वीची छाया येताच ते तासा-दोन तासांत शंभराहून अधिक अंशांनी कोसळले. अखंड खडक इतक्या वेगाने निवू शकत नाही. वरचा थर अत्यंत कमी वाहकतेच्या भुकटीचा असला पाहिजे हे त्यातून निघाले.

त्याहून सुंदर गोष्ट १९ डिसेंबर १९६४ च्या ग्रहणाची आहे. सारी आणि शॉर्टहिल यांनी इजिप्तमधून चंद्रबिंब अवरक्त प्रकाशात टिपले, तेव्हा छायेत बुडालेल्या चंद्रावर शेकडो उबदार ठिपके दिसले. टायको विवर त्यांत ठळक होते. हे ठिपके म्हणजे तुलनेने अलीकडच्या आघातांनी उघडे पडलेले खडक होते, जे भोवतालची धूळ गार झाल्यावरही उष्णता धरून होते. ७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास ग्रहण भारतातून दिसले, तेव्हा आपण सर्वांनी तांबूस चंद्र पाहिला असेल, ढगांनी कृपा केली असल्यास. त्या तासाभरात तेथे हेच सर्व घडत होते.

अवकाशवेडा_पुसद

काकांच्या या ठिपक्यांचा पुढे मोठा उपयोग झाला. चंद्रावर विवर तयार होताना धोंडे बाहेर फेकले जातात आणि पुढे सूक्ष्म आघातांनी व तापमानाच्या फेऱ्यांनी त्यांची हळूहळू भुकटी होते, साधारण अब्ज वर्षांत. त्यामुळे रात्री विवराभोवती किती उबदार धोंडे दिसतात यावरून विवराचे वय काढता येते. डिव्हायनरच्या मापांवरून अशी वये काढून २०१९ मध्ये "सायन्स" नियतकालिकात असा निष्कर्ष मांडला गेला की सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीपासून पृथ्वी-चंद्रावरील आघातांचे प्रमाण वाढले. थर्मामीटरने वय मोजणे ही मला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

कन्हार_भंडारा

मग लोणारचे वयही असेच काढता येईल का? मास्तरांना घरबसल्या काम मिळेल.

भूशास्त्र_वणी

दादा, पृथ्वीवर पाऊस, झाडोरा आणि माणसे यांनी ते धोंडे केव्हाच मातीत मिसळवले आहेत, त्यामुळे ही पद्धत लोणारला चालणार नाही. तरीही लोणार या विषयाला जवळचे आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर थेट दख्खनच्या बेसाल्टमध्ये पडलेले असल्यामुळे मंगळ आणि चंद्रावरील विवरांशी त्याचे साम्य आहे. आघाताच्या दाबाने फेल्डस्पार या खनिजाचे काचेत रूपांतर होऊन बनलेले मॅस्केलिनाइट तेथे मिळते आणि अशा धक्का बसलेल्या खनिजांचे अवरक्त वर्णपट मूळ खनिजापेक्षा वेगळे असतात. मंगळावरील वर्णपट वाचताना हे ध्यानात घ्यावे लागते.

सरांना एक सुचवते. टेरा उपग्रहावरील अॅस्टर उपकरणाला औष्णिक अवरक्ताचे पाच पट्टे आहेत, प्रत्येक ठिपका ९० मीटरचा. त्याची लोणारची चित्रे शोधावीत आणि शेजारी चंद्रपूरकडील वालुकाश्माच्या भागाचे चित्र ठेवावे. क्वार्ट्झने भरलेला वालुकाश्म आणि क्वार्ट्झ नसलेला बेसाल्ट या पट्ट्यांत निरनिराळे दिसतात. मुलीचा प्रश्न आपल्याच विदर्भात सुटेल. फक्त उन्हाळ्यातील चित्र घ्यावे, कारण कपाशी आणि सोयाबीन उभे असताना उपग्रहाला पानेच दिसतात.

आर्वीची_प्रज्ञा

चांद्रयान-३ चा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? विक्रम लँडरवरचे चेस्ट हे उपकरण याच कामाचे होते ना?

निवृत्त_हवामान

आपण आठवण केलीत हे बरे झाले. वर चर्चिलेली सर्व मापे दुरून घेतलेली होती, चेस्टने मात्र सुई जमिनीत खुपसली. दहा तापमापक बसवलेली ती सळई दहा सेंटिमीटरपर्यंत आत जाण्यासाठी बनवलेली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये इस्रोने प्रसिद्ध केलेल्या पहिल्या आलेखात पृष्ठभाग पन्नास अंशांच्या वर आणि आठ सेंटिमीटर खाली उणे दहा अंश असे दाखवले होते. एका वितीहून कमी खोलीत साठ अंशांचा फरक. चंद्राची माती उष्णतेला किती अडवते याचा याहून थेट पुरावा कोणता असेल?

पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये सविस्तर निष्कर्ष मांडले. सळई जेथे खुपसली तो सूर्याकडे कललेला सहा अंशांचा उतार होता आणि तेथे दुपारी ८२ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान गेले. जेमतेम मीटरभर अंतरावरील सपाट जागी ते साठच्या आसपास होते. ध्रुवाकडच्या अक्षांशांत सूर्य क्षितिजाजवळ राहत असल्याने लहानसा उतारही मोठा फरक घडवतो.

शंकासूर

हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे. मीटरभराच्या अंतरात वीस अंशांचा फरक पडत असेल, तर वरून शेकडो मीटरचा एक ठिपका मोजणाऱ्या उपकरणाने त्यातून काय समजायचे?

भूशास्त्र_वणी

सरासरी समजायची, पण ती निरनिराळ्या तरंगलांबींना निरनिराळी येते, आणि तेथेच उपाय आहे. एका ठिपक्यात थोडे उबदार धोंडे आणि पुष्कळ गार धूळ असेल, तर लघु तरंगलांबीत धोंड्यांचे प्रारण वरचढ ठरते आणि दीर्घ तरंगलांबीत धुळीचे. त्यामुळे एकाच ठिपक्याचे दोन तरंगलांबींनी काढलेले तापमान जुळत नाही. त्या न जुळण्याच्या प्रमाणावरून किती टक्के जागा धोंड्यांची आहे हे काढले जाते. डिव्हायनरचे धोंड्यांचे नकाशे असेच तयार झाले आहेत. उताराचा परिणाम उंचीच्या नकाशांवरून वजा करतात, मात्र मीटरभराचे चढउतार त्यात येत नाहीत हे खरे, आणि ती मर्यादा तशीच राहते.

शंकासूर

तेवढी कबुली मला पुरेशी आहे. खडक की धूळ यावर मी विसंबतो. "सेंटिमीटरचे खडे की सच्छिद्र धोंडे" यावर जमिनीवर उतरून पाहिल्याखेरीज विसंबणार नाही.

लोणारकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ प्रश्नाला शंकासूर यांनी दिलेले हे उत्तर मी मुलांना याच शब्दांत सांगणार आहे. आता विज्ञान प्रदर्शनासाठी हाच प्रयोग नीट मांडावा म्हणतो. पांदणीत पडलेले गिट्टीचे खडे घेतले तर चालतील का? मोठा दगड शाळेच्या वर्गात आणता येत नाही.

निवृत्त_हवामान

चालणार नाहीत. दिवसभराची उष्णतेची लाट बेसाल्टमध्ये साधारण पंधरा सेंटिमीटर खोल शिरते. त्याहून लहान खडा आत-बाहेर सारखाच तापतो आणि भोवतालच्या फुफाट्याबरोबरच निवतो, म्हणून तो मापात खडकासारखा वागणार नाही. निदान गुडघाभर उंचीचा, अर्धा जमिनीत रुतलेला दगड हवा. तो वर्गात आणू नका, आकडे आणा. सकाळी सूर्योदयाआधी, दुपारी दोनला, सूर्यास्तानंतर दोन तासांनी आणि शक्य असल्यास मध्यरात्री, अशी एकाच दिवसाची मापे घ्यावीत. दगड, फुफाटा, वखरलेली माती आणि न वखरलेली माती यांचे चार आलेख एकाच कागदावर काढावेत. गन दर वेळी तितक्याच अंतरावरून आणि सरळ खाली रोखून धरावी, आणि ज्या दिवशी वारा असेल तो दिवस सोडून द्यावा.

धुऱ्यावरचा_दगड

गुडघाभर उंचीचा आणि अर्धा जमिनीत रुतलेला, या निकषांवर माझी निवड झाल्याबद्दल मंडळाचा आभारी आहे. मध्यरात्री येताना कृपया खाकरून यावे.

कन्हार_भंडारा

मास्तर, वखरलेल्या मातीचे माप घ्यायचे असेल तर वखर फिरवल्यावर चार-सहा दिवस जाऊ द्या. ताजी उलटलेली माती खालची ओल वर आणते आणि निवृत्त काकांनी सांगितल्याप्रमाणे दुपारचा आकडा खाली येतो. मी दोन्ही वेळा मोजून पाहिले आहे, फरक स्पष्ट दिसतो. माझ्या बांधीचे आकडे हवे असल्यास कळवावे, वहीत लिहून ठेवले आहेत.

लोणारकाठ

अवश्य पाठवावेत, दादा. बेसाल्टच्या मुलखातील आकड्यांशेजारी भंडाऱ्याच्या धानाच्या जमिनीचे आकडे असले तर तक्त्याला अर्थ येईल. फक्त दोन्हीकडच्या गनची उत्सर्जकता ०.९५ वरच ठेवलेली आहे ना, एवढे तपासून सांगावे.